साखर उतरली, मग पाय का पेटले?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी गफलत झाली असेल तर तुम्हाला सांगता येईल. वय ४९, बारा वर्षांचा मधुमेह, कोल्हापुरात घरगुती खानावळ, सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत फरशीवर उभं राहणं. सात महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी बायपासचं ऑपरेशन झालं. (हृदयाचं नव्हे, जठराचं. आपल्याकडे बायपास म्हटलं की लोक आधी छातीकडे बघतात.) वजन १०९ किलोवरून ८१ वर आलं. इन्सुलिन सुटलं. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ऑपरेशनआधी १०.८ होतं, तीन महिन्यांनी ६.२ आलं. घरात सगळे खूश, आणि नेमके त्याच सुमारास, ऑपरेशनला दीड महिना होतोय तोवर, दोन्ही तळपाय पेटायला लागले. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, आता रात्री चादरीचा स्पर्शही सोसत नाही. बी-१२ तपासलं तर २४० आलं आणि "नॉर्मल आहे" म्हणून सांगितलं. हिमोग्लोबिन ९.६. केस गळतात म्हणून झिंकच्या गोळ्या चालू आहेत, आणि पायांसाठी मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी. तुमचे प्रश्न दोन: ऑपरेशन फसलं का, आणि ही आग कधी थांबणार?

ऑपरेशन फसलेलं नाही. आग कधी थांबणार हे मात्र ती कशाची आहे त्यावर ठरेल, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. मधुमेह असलेल्याचे पाय जळतात म्हणजे "शुगरमुळे", असं म्हणून विषय मिटवतात आणि नसांची गोळी लिहून देतात. वजनाच्या ऑपरेशननंतर असं करून चालत नाही. तुमच्या पायांत एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी चालू असू शकतात. तिन्हींची आग सारखीच लागते. पण एका प्रकारात धीर धरला तर पाय आपोआप निवतात, आणि दुसऱ्यात धीर धरला तर नस कायमची जाते.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं मधुमेहाचे रुग्ण पाहतोय, त्यांत पाय घेऊन येणारेच जास्त. तुमचे पाय मी पाहिलेले नाहीत, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, बायपास कुठल्या पद्धतीचा झाला तेही तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे हे तुमचं निदान समजू नका. तुम्ही समोर बसला असता तर मी कसा विचार केला असता, एवढंच सांगतो.

पहिली गोष्ट जुनी, ऑपरेशनच्या कितीतरी आधीची. पाटाच्या पाण्याचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. पाण्याची ओढ लागली की शेवटच्या टोकाचं रान आधी वाळतं, मुखाजवळच्याला पत्ताही नसतो. पायाच्या बोटांना जाणारी नस कंबरेतून निघते आणि जवळजवळ मीटरभर धावते. शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा त्याच, म्हणून साखरेचा मार पहिल्यांदा बोटांच्या टोकांना बसतो आणि मग हळूहळू वर सरकतो, मोजा चढवावा तसा. तुम्हाला आधीपासून मुंग्या यायच्या, म्हणजे हा भाग तुमच्यात होताच. पण तो वर्षांच्या हिशेबाने वाढतो. दीड महिन्यात मुंग्यांचा वणवा होणं हे एकट्या त्याचं काम वाटत नाही.

दुसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटते. साखर फार वेगाने खाली आली, तर त्यानेच नसा चवताळू शकतात. हे काही नवं खूळ नाही. १९३३ साली एका अमेरिकन डॉक्टरने इन्सुलिन सुरू केल्यावर पेटलेल्या पायांची नोंद केली होती, आणि तेव्हापासून बरीच वर्षं या दुखण्याला इन्सुलिनच्याच नावाने ओळखत. पुढे कळलं की दोष इन्सुलिनचा नाही, वेगाचा आहे. साखर गोळ्यांनी उतरो, इन्सुलिनने उतरो की ऑपरेशनने, तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांपेक्षा जास्त घसरलं तर हा धोका असतो, आणि आग बहुधा आठ आठवड्यांच्या आत सुरू होते. अमेरिकेत नसांच्या तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मधुमेहींचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात घसरण दोन ते तीन अंकांची होती त्यांच्यापैकी सुमारे २० टक्क्यांना, आणि चार अंकांपेक्षा जास्त होती त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना हा त्रास झाला होता. पाय दुखतात म्हणूनच ती माणसं तिथे पोचली होती, त्यामुळे हे आकडे सरसकट सगळ्यांना लावू नका. पण तुमची घसरण ४.६ अंकांची आहे आणि आग सहाव्या आठवड्यात लागली. वेळ इतकी तंतोतंत जुळते की मी हेच कारण सगळ्यांत वर लिहिलं असतं.

या दुखण्यातली चांगली बाब ही, की ते बहुतेकांत ओसरतं. आठवड्यांत नाही, महिन्यांत. साखर एका पातळीवर स्थिर राहिली तर वर्ष-दीड वर्षात बराच उतार पडलेला मी पाहिलाय, काहींना दोन वर्षंही लागतात. म्हणून "साखर उतरल्यामुळे दुखतंय, तर थोडी चढू दे" असा उलटा हिशेब करू नका. दोघा-तिघांनी माझ्यासमोर तो मोठ्या विश्वासाने मांडलाय. पाय तर निवत नाहीतच, वर जुनं दुखणं परत दारात उभं राहतं. साखर सरळ रेषेत ठेवायची. बायपासनंतर उसाचा रस किंवा गुळाचा मोठा खडा पोटात गेला की साखर उसळते आणि तास-दोन तासांनी धाडकन खाली येते, घाम फुटतो, हातपाय कापतात. असे झोके नसांनाही नकोत आणि तुम्हालाही.

वेगाने उतरलेल्या साखरेची आणखी दोन कामं निघतात. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण त्यालाही या वेगाचा फटका बसू शकतो. आणि अंथरुणातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजायला सांगा. २८ किलो वजन उतरल्यावरही बीपीच्या जुन्याच गोळ्या चालू असलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात.

आता तिसरी गोष्ट, आणि मी सगळ्यांत जास्त वेळ हिच्यावरच घालवणार आहे. जीवनसत्त्वांची कमतरता.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची माझी चूक सांगतो. एक निवृत्त शिक्षक, माझे जुनेच रुग्ण. बाहेरगावी वजनाचं ऑपरेशन करून आले, त्यांचं जठर कापून अरुंद केलेलं होतं. दीडेक वर्षाने पाय जळतात म्हणून आले. त्यांचा मधुमेह मला पाठ होता, त्यामुळे मी विचारच केला नाही. आग कमी करणारी गोळी दिली, दोनदा वाढवली. तिसऱ्या खेपेला सर जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो हो." मी त्यांना परत बसवलं. घोट्यावर कंपनाचा काटा लावला तर काही कळेना, गुडघ्याजवळ जेमतेम कळलं. बी-१२ तपासलं तर तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू केली, आग कमी झाली, चाल बरीच सुधारली. बोटांची गेलेली जाणीव मात्र आजपर्यंत परत आलेली नाही. ते महिने मी घालवले. तेव्हापासून पोटावर वजनाच्या ऑपरेशनचे व्रण दिसले की मी गोळीच्या आधी रक्ताचा कागद लिहितो.

इथे कोल्हापुरात एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. "आम्ही आठवड्यातून दोनदा मटण खातो, तांबडा-पांढरा असतोच, बी-१२ कसं कमी होईल?" शाकाहाऱ्यांना कमी पडतं हे लोकांनी ऐकलेलं असतं, त्याचा हा उलटा अर्थ. ताई, ताटात असणं आणि रक्तात पोचणं यात आता तुमच्या पोटात एक तुटलेला पूल आहे. मटणातलं बी-१२ सुटं व्हायला जठराचं आम्ल लागतं, आणि मग ते आतड्यात शोषून घ्यायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन सोबत लागतं. बायपासमध्ये अन्न जठराच्या मोठ्या भागाला वळसा घालून जातं, त्यामुळे ही गाठभेट नीट होतच नाही. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलेलं असेल तर त्यानेही साठा आधीच कमी केलेला असतो. यकृतातला साठा काही काळ ओढून नेतो, म्हणून कमतरता ऑपरेशननंतर बऱ्याच उशिरा उघडी पडते. आधीच साठा कमी असलेल्यात मात्र ती लवकर येते.

तुमचं २४० हे "नॉर्मल" मला मान्य नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मलची रेघ साधारण २०० च्या आसपास ओढलेली असते, पण २०० ते ३५० हा संशयाचा पट्टा आहे. या पट्ट्यात असूनही नसा उपाशी असलेले रुग्ण सापडतात. खात्री करायची तर मिथाइलमेलॉनिक आम्लाची तपासणी असते, ती महाग पडते. होमोसिस्टीन तुलनेने स्वस्तात होतं. तुमच्यासारखी लक्षणं, ऑपरेशन आणि २४० चा आकडा एकत्र दिसले तर मी तपासण्यांच्या निकालासाठी फार अडून राहत नाही, आधी रक्त घेतो आणि लगेच इंजेक्शन सुरू करतो. हा क्रम महत्त्वाचा. इंजेक्शन किंवा मेथिलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ चीच, गोळी आधी घेतलीत आणि रक्त नंतर दिलंत, तर आकडा फुगून येतो आणि सगळेच फसतात. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांवरही भागवू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसा मागे झिजतच राहतात.

हिमोग्लोबिन ९.६ वरही एक शब्द. बी-१२ कमी झालं की रक्तपेशी मोठ्या दिसतात असं पुस्तकात असतं. पण बायपासनंतर लोहही कमी पडतं, आणि लोह कमी झालं की पेशी लहान होतात. दोन्ही एकदम कमी असतील तर सरासरी आकार अगदी सरळ दिसतो आणि साध्या रक्ततपासणीत काहीच सापडत नाही. म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणीही करून घ्या.

बी-१२ पुढे आयुष्यभर घ्यावं लागेल. गोळीने चालतं, फक्त मात्रा मोठी हवी, रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम. पुलाशिवायही त्यातला साधारण एक टक्का थेट शोषला जातो, त्यावर भागतं. नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. नसांची लक्षणं असताना सुरुवातीला मी इंजेक्शनच देतो, तेही महिन्याला एक असं नाही, त्याहून कमी दिवसांच्या अंतराने.

झिंकच्या गोळ्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण वाचून मी थबकलो. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेक वेळा ते एकदम वजन उतरल्याने आणि प्रथिनं कमी पडल्याने गळतात, आणि पुढे परत येतात. कुणीतरी झिंक सांगतं आणि ते महिनोन् महिने चालू राहतं. जास्त झिंक आतड्यात तांब्याची वाट अडवतं. तांबं कमी झालं की पायांच्या नसा आणि मणक्यातली दोरी (मज्जारज्जू) दोन्ही बिघडतात, आणि चित्र हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं दिसतं. एवढ्यात तुमचं तसं झालं असेल असं नाही. पण ती गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते बघा, ऑपरेशननंतरच्या नेहमीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक असतंच, वरची वेगळी गोळी डॉक्टरांना दाखवून बंद करता येते का विचारा, आणि रक्तातलं तांबं एकदा तपासा. तसंच "नसांच्या गोळ्या" म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ भरपूर असतं. ते मोठ्या मात्रेत खूप दिवस घेतलं तर त्यानेच पायांना मुंग्या येतात. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांतून तेच बी-६ तिप्पट जात असलेलं मी पाहिलंय. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा.

बी-१ ची गोष्ट वेगळी, ती तातडीची आहे. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. ऑपरेशननंतर उलट्या लागल्या, जेवण तुटलं की ते झपाट्याने उतरतं, पाय लटके पडायला लागतात, पुढे नजर दुहेरी होते, माणूस भरकटल्यासारखा बोलतो. आपल्याकडे उलट्या झाल्या की "एक सलाईन लावून टाका" ही पद्धत. ते सलाईन ग्लुकोजचं असेल आणि आधी बी-१ दिलेलं नसेल, तर उरलासुरला साठाही संपून मेंदूला इजा होऊ शकते. तुम्हाला सध्या उलट्या नाहीत असं धरतो. पण कधी लागल्या तर सलाईन लावणाऱ्याला स्पष्ट सांगायचं: माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी बी-१ द्या. घरच्यांनाही हे वाक्य पाठ करून ठेवायला सांगा.

एक छोटी शक्यता राहिली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यापाशी, एक नस अगदी कातडीखालून जाते. वजन उतरलं की तिच्यावरची चरबीची गादी निघून जाते. मग विळीवर उकिडवं बसून तासभर भाजी चिरली किंवा पायावर पाय टाकून बसलं तरी ती दबते. त्यात एकाच पायाचा पंजा उचलत नाही, चालताना चप्पल घासते. तुमची आग दोन्ही पायांना सारखी आहे, म्हणजे हे कारण नसावं. तरी भाजी ओट्यावर चिरा.

इथवरचं थोडक्यात असं: जुनी झीज आहेच, तिच्यावर वेगाने उतरलेल्या साखरेची आग चढलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि बी-१२ किंवा तांब्याची कमतरता मागे लपलेली नाही ना हे आधी बघायचं. रक्ताइतकीच पायांची तपासणीही हवी. दहा ग्रॅमचा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून कळतो का पाहणं, कंपनाचा काटा, घोट्याचा झटका, पावलावरची नाडी. पाचेक मिनिटांचं काम आहे. कुणी मोजे न काढताच पायाचं औषध लिहून देत असेल तर मोजे आपणच काढून पाय पुढे करा.

आता दुखणं कमी करण्याबद्दल. मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी आजच थांबवा. नसांच्या आगीवर तिचा उपयोग नाही, आणि बायपासमध्ये जठर-आतड्याचा जो नवा जोड केलाय तिथे ती व्रण पाडू शकते. तंबाखू आणि मिश्रीही तेच करतात. तुम्ही घेता असं मी म्हणत नाही, पण मिश्री लावणाऱ्या बायका "मी तंबाखू खात नाही" असं प्रामाणिकपणे सांगतात, म्हणून बोललो.

नसांच्या दुखण्यावर चालणारी मुख्य औषधं तीन: प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन आणि ॲमिट्रिप्टिलिन. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत या तिघांनाही एकमेकांशी ताडून पाहिलं, सुरुवात कशानेही केली तरी आराम जवळपास सारखाच पडला, आणि एकाने भागलं नाही तिथे दुसऱ्याची जोड दिल्यावर फरक पडला. म्हणून निवड करताना मी आराम बघत नाही, त्रास कुठला परवडेल ते बघतो. प्रीगॅबालिनने गुंगी येते, पायांना सूज येते आणि वजन वाढू शकतं. एवढं करून उतरवलेलं वजन गोळीने चढलं तर तुम्ही मला माफ करणार नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर तिची मात्रा कमी करावी लागते. ड्युलॉक्सेटिनने वजन वाढत नाही, पण बायपासनंतर तिचं शोषण कमी होतं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत "गुण आला नाही" म्हणून ती सोडून देण्याआधी हे लक्षात घ्यावं लागतं. ती चावायची किंवा फोडायची नसते. ॲमिट्रिप्टिलिन स्वस्त, झोप चांगली लावते, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि हृदयाचा आलेख (ईसीजी) बघितल्याशिवाय मी ती सुरू करत नाही. तुमच्या बाबतीत कुठली, हे रिपोर्ट पाहणारेच ठरवतील. एक गोष्ट मात्र विचारा: गोळी हळूहळू विरघळणारी, म्हणजे नावापुढे एसआर किंवा ईआर लिहिलेली आहे का? बायपासनंतर शक्यतो साधीच घ्यावी, कारण हळूहळू विरघळणारी गोळी तुमच्या आखूड झालेल्या वाटेत पूर्ण उतरेलच असं नाही.

गोळीने आग शून्य होईल ही अपेक्षा ठेवू नका. दहापैकी आठ दुखत होतं ते चारवर आलं आणि रात्री सलग पाच तास झोप लागली, तर मी औषध लागू पडलं म्हणतो. त्यासाठी दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. चार दिवसांत गोळी बदलायला येणारे लोक शेवटी सगळ्या गोळ्या वापरून बसतात आणि एकीचाही नीट अनुभव घेतलेला नसतो.

वरून लावायचं कॅप्सेसिनचं मलमही आहे. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणाच. डंकावरून कांदा-लसूण मसाला कुटून आणलेल्या दिवशी हातांची जी भगभग होते, तीच ही. रोज तीन-चार वेळा लावत राहिलं तर कातडीतल्या दुखरेपणाच्या तारा काही आठवड्यांत थकतात. पहिला आठवडा आग उलट वाढते, बहुतेक जण तिथेच सोडतात. कातडी फाटलेली असेल तर लावायचं नाही, लावल्यावर हात साबणाने धुवायचे. आणि लवंगी मिरची वाटून लावायचा घरगुती प्रयोग कृपया नको, एका बहाद्दराने केलाय.

रात्रीसाठी एक साधी युक्ती. पायांशी बांबूची बुट्टी पालथी घाला आणि तिच्यावरून चादर घ्या, म्हणजे कापड पावलांना टेकतच नाही. थंड फरशीवर पाच मिनिटं पाय टेकवून बसलं तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं. बर्फ नको. काशाच्या वाटीने तळव्यांना तेल चोळायला माझी हरकत नाही, माझी आई चोळायची. हलक्या हाताने, भेगांवर नाही, बोटांच्या बेचक्यांत तेल ठेवायचं नाही, आणि नंतर पाय पुसल्याशिवाय मोरीत जायचं नाही. गरम पाण्यात पाय बुडवणं, विटेचा शेक, मिठाची पुरचुंडी, कुरुपावर बिब्बा, यातलं काहीही नको.

का नको, ते सांगतो, कारण इथे सगळेच फसतात. जो पाय एवढा दुखतो तो बधिर कसा असेल, असं वाटतं. पण असतो. आग ही बिघडलेल्या नसांची ओरड आहे, आणि त्याच पायाला खरा चटका कळेलच असं नाही. चैत्रात जोतिबाला अनवाणी गेलेल्या एका गृहस्थांचे तळवे फोडांनी भरले होते. आग त्यांना रोजचीच, त्यामुळे वेगळं काही जाणवलं नाही. संध्याकाळी घरी घातलेला मोजा बायकोला ओला दिसला तेव्हा कळलं. दर्शनाला जा, अंबाबाईच्या देवळातही जा, पण जाड मोजे घालून आणि सकाळी लवकर, दगड तापायच्या आत.

तुमचा खरा धोका मात्र स्वयंपाकघरात आहे. उकळत्या रश्श्याचा थेंब, तेलाचा शिंतोडा, पडलेला विस्तव, ओली फरशी. तिथे उघड्या पायांनी उभं राहायचं नाही. पुढून बंद, मागे पट्टा, आत मऊ एमसीआरचा (बारीक छिद्रांच्या रबराचा) तळ असलेली चप्पल घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही अभिमान आहे, पण ते कारागिरीला मिळालंय, बधिर पायासाठी नव्हे. करकरीत नवी कोल्हापुरी अंगठ्याजवळ चावते, हे धडधाकट पायाला पहिल्या फर्लांगात कळतं, तुमच्या पायाला घरी आल्यावरही कळणार नाही. जुन्या चपलाही पुन्हा घालून बघा, वजनाबरोबर पावलं बारीक होतात, चप्पल सैल होते आणि घासते. रात्री झोपताना आरसा धरून तळवे बघायचे, दिसत नसेल तर मुलाला बघायला सांगायचं. दर तासा-दीड तासाने पाच मिनिटं बसायचं, त्यासाठी ओट्याशी उंच स्टूल ठेवा.

पुढच्या गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नका. पायाचा पंजा उचलेनासा झाला. अशक्तपणा वर वर चढतोय. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जातोय. दुहेरी दिसतंय किंवा बोलणं भरकटतंय. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं आहे, मग ते दुखत नसलं तरीही, किंबहुना दुखत नसेल तर जास्तच, कारण आत हाडं खचायला लागलेली असू शकतात. आणि कुठलीही जखम, टाचणीच्या टोकाएवढी असली तरी.

डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशनचा कागद, आधीचं आणि नंतरचं एचबीए१सी, आणि ती गोळ्यांची पिशवी न्या. लक्षणांच्या तारखा एका चिठ्ठीवर लिहा, आग कुठल्या आठवड्यात लागली हे तुम्ही मला लिहिलंत म्हणून मला एवढा विचार करता आला. आणि नवी चप्पल घालून जाऊ नका. रोज खानावळीत घालता तीच घालून जा, आणि डॉक्टरांना ती उलटी करून दाखवा. तळ कुठे झिजलाय त्यावरून भार पायाच्या कुठल्या भागावर पडतोय ते कळतं, आणि पहिली जखम बहुधा तिथेच होते.